सेंद्रिय गूळ : गिऱ्हाईक हातात घेते, मग परत का ठेवते?



"साहेब, सेंद्रिय केलं तर दर मिळतो का?" हा प्रश्न शिवारात हमखास येतो. उत्तर शेतात नाही, दुकानात आहे.

परवा शाहूपुरीत एका दुकानी उभा होतो. एका बाईंनी सेंद्रिय गुळाची ढेप उचलली, किंमत पाहिली आणि विचारले, "हा सेंद्रिय कशावरून?" दुकानदार म्हणाला, "काळा आहे की!" बाईंनी ढेप ठेवली आणि नेहमीचा पिवळा गूळ नेला. घ्यायचे मनात होते, पण घेतला नाही.

माणसाच्या मनात इरादा कसा तयार होतो, याची मांडणी आयझेन या मानसशास्त्रज्ञाने १९९१ साली केली. तिच्यात तीन गोष्टी आहेत. आपल्या गुळाला त्या लावून पाहू.

१) स्वतःचे मत : सेंद्रिय माल आरोग्याला बरा, पोराबाळांना चांगला, असे गिऱ्हाइकाला वाटते. चवही लागते.

२) चार माणसांचे मत : शेजारीण, डॉक्टर, नातेवाईक काय म्हणतात, यावर मन वळते.

३) आवाक्यात आहे का : किंमत परवडते का, जवळ मिळतो का, नेहमी मिळतो का?

यात चौथी गोष्ट आपण धरू, ती म्हणजे विश्वास. सेंद्रियपणा डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. विश्वास नसेल तर वरच्या तिन्ही गोष्टी असूनही ढेप परत फळीवर जाते.

इथेच आपली गफलत होते. काहिलीत हायड्रोस पावडर टाकली नाही, रानभेंडीने मळी काढली, म्हणजे गूळ रसायनाविना केला एवढेच. त्या उसाला युरिया घातला असेल तर तो सेंद्रिय नव्हे. तसेच काळा रंग हा काही पुरावा नव्हे. जमीन, खत, फवारणी आणि गुऱ्हाळ, सगळेच नियमात बसले पाहिजे.

पुरावा कसा द्यायचा?

• खत, फवारणी, पाणी यांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. संक्रमणकाळ दोन-तीन वर्षांचा असतो आणि त्यात उत्पन्न घटू शकते. हा हिशेब आधी घरात मांडा.

• एकट्याला प्रमाणपत्राचा खर्च जड जातो. पीजीएस पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेते तपासतो.

• सेंद्रिय अन्नाचे नियम २०१७ साली झाले. लहान शेतकऱ्याने थेट गिऱ्हाइकाला विकलेल्या मालाला त्यात सवलत आहे. दुकानात 'सेंद्रिय' म्हणून ठेवायचा तर प्रमाणपत्र हवे.

• गुऱ्हाळावर गिऱ्हाइकाला बोलवा. डोळ्यांनी पाहिलेले माणूस चार घरी सांगते.

शाहूपुरीची पेठ छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ साली वसवली. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे नाव पिढ्यांनी कमावलेले आहे. एकाने खोटी चिठ्ठी लावली तर दहा खऱ्यांचा गूळ पडून राहतो.

शेवटी एक सूचना. कारखान्याकडे नोंदवलेला ऊस कारखान्यालाच घाला. प्रयोग करायचा तर नोंदीबाहेरच्या दहा-वीस गुंठ्यांत करा. आणि आजच एक शंभर पानी वही आणा. "कशावरून?" असे कोणी विचारले, तर ती वही पुढे ठेवता आली पाहिजे.

— ऊसविकास अधिकारी