घागर आणि तळे

महाडचे चवदार तळे सर्वांचे आहे, हा हक्क बजावण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 20 मार्च 1927 रोजी तेथे सत्याग्रह केला. बालमित्रांनो, या तळ्यातून घागर भरून घरी नेली आणि तिच्यात साखर घातली, तर तळे गोड होईल का? नाही. साखर तळ्यातच टाकली, तर मात्र ती सर्वांच्या पाण्यात जाईल.

संगणकाच्या पीएचपी भाषेतही असेच घडते. समजा, पाण्याची खोली तीन दिवस मीटरमध्ये मोजून एका रांगेत, म्हणजे अ‍ॅरेत, ठेवली: 4, 3, 2. ‘प्रत्येक आकड्याला 100 ने गुण’ हे काम एका फंक्शनकडे सोपवले. अशा फंक्शनला कॉलबॅक म्हणतात. ‘अ‍ॅरे मॅप’ उत्तरांची नवी रांग देते. मूळ रांग तशीच राहते. पण ‘अ‍ॅरे वॉक’ वापरून कॉलबॅकच्या चलाआधी ‘&’ हे चिन्ह लिहिले, तर खुद्द मूळ आकडाच दुसऱ्या नावाने हाती येतो. याला संदर्भ म्हणतात. आता मूळ रांगच 400, 300, 200 होते! हे ठाऊक नसलेल्या कोणी पुन्हा गुणले, तर पहिली खोली 40,000 सेंटिमीटर, म्हणजे 400 मीटर होईल!

म्हणून मूळ नोंदीची प्रत आधी काढून ठेवावी.

आता सांगा: तिसऱ्यांदा गुणले, तर शेवटचा आकडा किती होईल?