आधी कूम्ब्स, मग बीट-खजूर

अगं, बीट-खजुराचा मारा जरा थांबव. सासूबाई लोखंडी कढईत पालक करतायत, तो प्रेमानं खा. पण तुझ्या रिपोर्टात लोह कमी नाहीच मुळी. तांबड्या पेशी बनतायत, टिकत नाहीत. एरवी त्या साधारण 120 दिवस जगतात, तुझ्या आधीच फुटतायत. म्हणून तर डोळे पिवळट, लघवी कोऱ्या चहासारखी, एलडीएच वर आणि हॅप्टोग्लोबिन तळाला. रेटिक काउंट वाढलाय त्याला मात्र घाबरू नकोस. माझ्या आजारपणात तो लाल अक्षरातला आकडा बघून मी गणपतीला नारळ बोलले, आणि डॉक्टर म्हणाले, ‘अहो ताई, अस्थिमज्जा नव्या पेशी भराभर बनवतेय, हे चांगलंच आहे!’ नारळ काय, द्यावाच लागला.

आता खरा प्रश्न, पेशी फोडतंय कोण? त्यासाठीच ती डायरेक्ट कूम्ब्स चाचणी. 1945 पासून चालत आलीय. पेशींवर अँटिबॉडी किंवा कॉम्प्लिमेंट चिकटलंय का, एवढंच ती बघते. पॉझिटिव्ह आली तर बहुधा तुझीच प्रतिकारशक्ती पेशींवर उठलीय. मग डॉक्टर ल्युपस, लिम्फोमा, नुकतंच घेतलेलं अँटिबायोटिक असं सगळं खोदून विचारतील, लपवू नकोस. आयजीजीवाला प्रकार असेल तर प्रेडनिसोलोन सुरू होतं. भूक खवळते, चेहरा सुजतो, पण गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत हं. थंडीत बोटं निळी पडणारा प्रकार मात्र स्टिरॉइडला फारशी दाद देत नाही. तिथं आधी ऊब, मग वेगळी औषधं.

निगेटिव्ह आली तर बघ, संशय दुसरीकडे वळतो: मलेरिया, हृदयातली कृत्रिम झडप, नाहीतर घराण्यातून आलेलं काही. माहेरी फोन लाव. कुणाची प्लीहा काढलीय? कुणाला कोवळ्या वयात पित्ताचे खडे झाले? विदर्भाकडचं किंवा नंदुरबारकडचं नातं असेल तर सिकलसेलचंही विचार. जी6पीडी कमी असणाऱ्यांना तर प्रायमाक्विन किंवा गोधड्यांतल्या नॅप्थलीनच्या डांबरगोळ्याही बाधतात. आणि खरं सांगू का, ती जी6पीडी चाचणी पेशी फुटण्याच्या भरात केली तर खोटी नॉर्मल येऊ शकते, कारण कोवळ्या पेशींत ते एन्झाइम जास्त असतं. सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा करायची.

स्मिअरवर ‘स्फेरोसाइट’ लिहिलंय म्हणून लगेच आनुवंशिक ठरवू नकोस. प्रतिकारशक्तीच्या आजारातही ते दिसतात; तो गुंता कूम्ब्सच बहुतेक वेळा सोडवते. बहुतेक म्हणते, कारण क्वचित आजार असूनही ती निगेटिव्ह येते, आणि काही जणांत आजार नसताना पॉझिटिव्ह. म्हणून एकटा कागद हातात धरून रडत बसू नकोस, फाईल पुरी ने.

रक्त चढवायचं ठरलं तर आधी विचार, ‘डॉक्टर, सिकलसेल-थॅलेसेमियाचे नमुने काढलेत ना?’ नंतर दात्याचं रक्त मिसळलं की निकाल गोंधळतात. कूम्ब्स पॉझिटिव्ह असेल तर जुळणारी पिशवी मिळायला उशीर लागतो, तिथं रक्तपेढीवाल्याशी भांडू नकोस. पण स्मिअरवर पेशींचे तुकडे आणि प्लेटलेटही कमी, असं दिसलं, किंवा धाप लागली, बोलताना गोंधळायला झालं, तर ओपीडीचा नंबर लावत बसायचं नाही. ह्यांना गाडी काढायला सांग आणि थेट इमर्जन्सीत जा, रात्र असली तरी.