छायाचित्रांचा संग्रह व क्लाउडवरील जतन

पूर्वी शिक्षकाच्या घरी छायाचित्रांचा एखादा अल्बम असे आणि शाळेच्या कपाटात स्नेहसंमेलनाची चार-दोन चित्रे असत. संख्या थोडी असल्यामुळे चित्रातील मंडळी कोण, हे सर्वांस ठाऊक असे. आज परिपाठ, पोषण आहार, वृक्षारोपण, पालकसभा अशा प्रत्येक प्रसंगी मोबाइलने चित्रे घेतली जातात. त्यांतच घरातील विवाह, बारसे व सहली यांची भर पडते. हा हजारो चित्रांचा संग्रह सुरक्षित कसा ठेवावा व हवे ते चित्र वेळेवर कसे सापडावे, याचा विचार येथे केला आहे.

१. जतनाची आवश्यकता

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या महापुराचे पाणी भंडारा शहरात व नदीकाठच्या गावांत शिरले. अशा वेळी मनुष्य प्रथम जीव वाचवितो, मग धान्य व जनावरे पाहतो. पेटीतील अल्बम तेथेच राहतो आणि भिजलेले चित्र पुन्हा मिळत नाही. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. पुढे जलाशयामुळे ज्या कुटुंबांना मूळ गाव सोडावे लागले, त्यांच्या मुलांना जुना पार, जुनी शाळा व नदीचा घाट दाखवावयाचा तर आता चित्रांवाचून दुसरे साधन नाही. म्हणून चित्र हा केवळ हौसेचा विषय नसून तो गावाचा दप्तरी पुरावाही होय.

२. क्लाउड म्हणजे काय?

क्लाउड या शब्दाचा अर्थ मेघ असा असला, तरी चित्रे आकाशात जात नाहीत. ती इंटरनेटमार्गे दूरच्या मोठ्या संगणकगृहात साठविली जातात. आपला मोबाइल हरवला, फुटला वा पाण्यात पडला, तरी दुसऱ्या मोबाइलवर आपले खाते उघडून ती पुन्हा पाहता येतात. हे संगणकगृह दुसऱ्याच्या मालकीचे असते. त्यामुळे तेथील जागा व नियम हे मालकाच्या इच्छेनुसार बदलतात. गूगल फोटोज या सेवेत पूर्वी काहीशी दाबलेली चित्रे कितीही संख्येने विनामूल्य ठेवता येत. १ जून २०२१ पासून ती सवलत बंद झाली. तसेच दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते मजकुरासह काढून टाकण्याचा अधिकार त्या कंपनीने २०२३ च्या धोरणाने राखून ठेवला आहे.

३. जागेचा हिशेब

गूगलच्या खात्यात १५ जीबी जागा विनामूल्य मिळते व तीत चित्रे, टपाल व इतर कागदपत्रे यांचा एकत्र समावेश होतो. एक चित्र सरासरी ३ एमबीचे मानले, तर त्या जागेत सुमारे ५,००० चित्रे मावतील. शिक्षकाने दररोज २० चित्रे घेतली, तर २०० कामाच्या दिवसांत ४,००० चित्रे होतात. म्हणजे सुमारे १२ जीबी जागा एकाच वर्षात संपते. चलचित्रे तर याहून पुष्कळ अधिक जागा घेतात. हा हिशेब पाचवीच्या वर्गात गुणाकार-भागाकाराचे शाब्दिक उदाहरण म्हणूनही देता येईल.

४. कार्यपद्धती

(अ) निवड : एका प्रसंगाची तीस चित्रे असतील, तर त्यांपैकी स्पष्ट अशी तीन-चार ठेवावीत. निवड त्याच दिवशी करावी. वर्षअखेरीस ती होत नाही.

(आ) नाव : फोल्डरच्या नावात प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा. उदाहरणार्थ, '२०२५-०८-१५ ध्वजवंदन'. असे केल्याने चित्रे आपोआप कालक्रमाने लागतात. महत्त्वाच्या चित्रासोबत स्थळ व प्रसंग यांची एक ओळ लिहून ठेवावी.

(इ) तीन प्रती : अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला नियम सोपा आहे. प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात व त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असावी. मोबाइल, शाळेतील वा घरातील हार्ड डिस्क आणि क्लाउड अशी योजना केल्यास नियम पाळला जातो.

(ई) मूळ चित्र : व्हॉट्सॲपवर चित्र नेहमीच्या रीतीने पाठविले असता त्याचा दर्जा घटतो. म्हणून समूहावर पाठविलेली प्रत ही जतनाची प्रत समजू नये.

(उ) पुसताना दक्षता : गूगल फोटोजमध्ये साठवलेले चित्र त्याच ॲपमधून पुसले, तर ते क्लाउडवरून व मोबाइलमधून, दोन्हीकडून जाते. ६० दिवसांच्या आत ते परत आणता येते, त्यानंतर नाही. केवळ मोबाइलमधील जागा मोकळी करावयाची असल्यास त्यासाठी असलेली स्वतंत्र सोय वापरावी.

५. शाळेची चित्रे व बालकांचे हित

शाळेची चित्रे शिक्षकाच्या खासगी खात्यात राहिली, तर बदली अथवा सेवानिवृत्ती होताच ती शिक्षकाबरोबर जातात व शाळेच्या इतिहासात खंड पडतो. म्हणून घरची व शाळेची चित्रे वेगळी ठेवावीत. शाळेच्या नावे स्वतंत्र खाते असावे आणि प्रभार देताना हार्ड डिस्क व खात्याचा तपशील नव्या मुख्याध्यापकांकडे रीतसर सोपवावा. प्रभार घेणाऱ्याने पासवर्ड लगेच बदलावा व दुहेरी पडताळणी चालू ठेवावी.

बालकांची चित्रे ही विश्वासाने सोपविलेली वस्तू आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानतो व तिच्या माहितीच्या वापरास पालकांच्या संमतीची अट घालतो. शिक्षकांनी याच तत्त्वास अनुसरून पालकसभेत संमती घ्यावी. मुलाचे नाव, इयत्ता व गाव चित्रासह सर्वांस दिसेल असे ठेवू नये.

६. शिक्षण परिषदेत चर्चेसाठी

(१) आपल्या शाळेचे सर्वांत जुने चित्र कोणाकडे आहे व त्याच्या किती प्रती आहेत?
(२) शाळेचा मोबाइल आज बंद पडल्यास कोणती चित्रे कायमची जातील?
(३) गावातील वडीलधाऱ्यांकडील जुन्या चित्रांची प्रत विद्यार्थ्यांच्या साहाय्याने कशी करून घेता येईल?

तिसऱ्या प्रश्नापासून प्रत्यक्ष कामास आरंभ करणे इष्ट होय. कारण त्या चित्रांतील माणसे ओळखणारी पिढी आज हयात आहे. तिच्या तोंडून नावे लिहून घेण्याचे काम पुढे ढकलण्याजोगे नाही.