मोबाइल हातात आहे, पण स्वाध्याय जमा झाला का?

‘पोरगं दिवसभर मोबाइलमध्ये असतं आणि विचारलं की म्हणतं अभ्यास चाललाय. खरं मानायचं कसं?’ बेलापूर-श्रीरामपूर पट्ट्यातल्या अनेक घरांत आज हा प्रश्न आहे. पालकांची काळजी रास्त आहे. वर्ग, वही आणि करमणूक एकाच यंत्रात आल्यावर बाहेरून काहीच कळत नाही.

तरीही ही संधी हातची घालवू नये. प्रवरेकाठच्या बेलापुरात राहून आज आयआयटीच्या प्राध्यापकांकडे शिकता येतं. सात आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी 2003 मध्ये एनपीटेल हा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा उपक्रम सुरू केला, तर केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ हे ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ 2017 मध्ये आलं. दूरशिक्षणातून पदवी घ्यायची असेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहेच. पुण्यातली खोली आणि मेसचा खर्च न करता शिकता येतं. मात्र वेळापत्रक सांभाळायला तिथे वर्गशिक्षक नसतात. ते काम स्वतःलाच करावं लागतं.

आधी तारखा, मग ॲप

एनपीटेलचा 12 आठवड्यांचा अभ्यासक्रम घ्या. त्यात साधारण 30 तासांचे व्हिडिओ असतात, म्हणजे आठवड्याला अडीच तास. दर आठवड्याला एक स्वाध्याय ठरलेल्या मुदतीत जमा करायचा असतो. 12 पैकी सर्वांत चांगल्या आठ स्वाध्यायांचे गुण धरतात आणि त्यांना 25 टक्के वजन असतं. उरलेले 75 टक्के गुण केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे. नावनोंदणी मोफत आहे, पण परीक्षेचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि त्याचं शुल्कही वेगळं असतं. तो राहिला, तर सगळे व्हिडिओ पाहूनही प्रमाणपत्र मिळत नाही.

म्हणून नाव नोंदवलं त्याच दिवशी सगळ्या मुदती गूगल कॅलेंडरमध्ये टाका. प्रत्येक मुदतीला दोन आठवणी लावा, पहिली दोन दिवस आधीची आणि दुसरी त्या दिवशी सकाळची. याच तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयवरही लाल पेनाने लिहा. मोबाइलमधली तारीख एकट्याला दिसते, भिंतीवरची घरातल्या सगळ्यांना.

लक्ष विचलित होऊ नये म्हणून

नवं ॲप घेण्याआधी फोनमध्ये आहे ते वापरा. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ असतं. त्यात ‘फोकस मोड’ उघडून इन्स्टाग्राम, गेम आणि यूट्यूब ॲपवर खूण करा आणि रोजची वेळ ठरवून द्या, समजा संध्याकाळी सात ते साडेआठ. तेवढा वेळ ती ॲप उघडत नाहीत आणि त्यांच्या सूचनाही येत नाहीत. यूट्यूब बंद केल्यावर व्याख्यान कसं पाहणार? ब्राउझरमधून, थेट अभ्यासक्रमाच्या पानावर. तिथे शेजारी रील्सची रांग नसते.

एका बैठकीत 25 मिनिटं अभ्यास आणि पाच मिनिटं विश्रांती ही पोमोडोरो पद्धत पुष्कळांना मानवते. त्यासाठी फोनमधलं टायमर पुरेसं आहे. विश्रांतीत मात्र फोन खाली ठेवून उठा, पाणी प्या, अंगणात एक चक्कर मारा. पाच मिनिटांसाठी उघडलेलं इन्स्टाग्राम अर्धा तास खातं.

वीज किंवा रेंज जाण्याची शक्यता धरूनच नियोजन करा. एनपीटेलच्या संकेतस्थळावरून व्हिडिओ उतरवून घेता येतात आणि काही अभ्यासक्रमांचं मराठी लिखित रूपांतरही मिळतं. नेट चांगलं असेल तेव्हा पुढच्या आठवड्याचं सगळं उतरवून ठेवा. स्वाध्यायही शेवटच्या रात्रीपर्यंत लांबवू नका. टिपणं मात्र वहीतच काढा. त्यांचा फोटो काढून गूगल ड्राइव्हवर विषयवार फोल्डरमध्ये टाका, म्हणजे परीक्षेआधी शोधाशोध होत नाही.

एवढी साधनं पुरतात. सहा-सात ॲप भरली, की ती सांभाळण्यातच वेळ जातो.

पालकांसाठी

घरात एकच स्मार्टफोन असेल, तर त्याची वेळ सगळ्यांनी मिळून ठरवा आणि ती पाळा. त्या वेळात मुलीला स्वयंपाकाला किंवा मुलाला जनावरांकडे पाठवू नका. ऑनलाइन वर्ग हाही वर्गच आहे.

‘किती वेळ बसलास?’ हा प्रश्न सोडून द्या. आठवड्यातून एकदा शेजारी बसून विचारा, ‘या आठवड्याचा स्वाध्याय जमा झाला का? किती गुण मिळाले?’ जमा केलेल्या स्वाध्यायांचे गुण विद्यार्थ्याच्या खात्यात दिसतात. ते बघायला इंग्रजी यावंच लागतं असं नाही, आकडे सगळ्यांनाच वाचता येतात. गुण कमी असले तर रागावण्याआधी अडचण विचारा. बरेचदा विषय अवघड नसतो, मागचे दोन आठवडे राहून गेलेले असतात.

विद्यार्थ्यांनो, एक काम नाव नोंदवण्याआधीच करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक स्वयम्‌मधून मिळवता येतात, पण कोणता अभ्यासक्रम चालेल हे तुमचं महाविद्यालय आणि विद्यापीठ ठरवतं. आधी विभागप्रमुखांना भेटा आणि विचारून घ्या. मग पहिल्या सत्रात एकच अभ्यासक्रम घ्या आणि तो परीक्षेपर्यंत न्या. अर्धवट सोडलेल्या पाच अभ्यासक्रमांपेक्षा पूर्ण केलेला एक तुमच्या बायोडेटात जास्त मोलाचा ठरेल.