मरणाचा हक्क आणि मॉर्फिनची गोळी

प्रश्न : असाध्य आजारात डॉक्टरांच्या मदतीने मरण्याचा हक्क कायद्याने का मिळू नये? (एक वाचक, कचारगड परिसर, जि. गोंदिया)

उत्तर : उपचार थांबवणे आणि मरण घडवून आणणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. १९७३मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग २०१५मध्ये मृत्यू येईपर्यंत खाटेवर होत्या. त्यांच्याच प्रकरणात, २०११ साली, सर्वोच्च न्यायालयाने पहिली वाट खुली केली. त्यांच्यापुरती मात्र नाकारली, कारण त्यांना सांभाळणाऱ्या परिचारिकांना त्या जगायला हव्या होत्या. २०१८मध्ये आगाऊ इच्छापत्राला, म्हणजे असाध्य अवस्थेत कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता मिळाली. २०२३पासून त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्यांसोबत नोटरीची सही पुरते. जीव घेणारे औषध देणे मात्र आजही गुन्हा आहे, आणि तूर्त तो राहावा असे माझे मत आहे. सालेकसा तालुक्यातल्या कॅन्सरग्रस्ताला मॉर्फिनची गोळी वेळेवर मिळत नसेल, उपचारापायी धानाची बांधी गहाण पडत असेल, तर ‘मला मरू द्या’ हे त्याचे म्हणणे स्वखुशीचे कसे मानायचे?

‘मग तोवर त्याने तळमळायचे का?’ हा आक्षेप रास्त आहे. मॉर्फिननेही न शमणाऱ्या वेदना असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण अमली पदार्थ कायद्यातल्या २०१४च्या दुरुस्तीने मॉर्फिनवरचे परवान्यांचे जंजाळ सैल झाले, तरी गोळी गावापर्यंत पोचवण्याचे काम उरलेच आहे. ते टाळून मरणाची सोय आधी करणे सरकारला फार स्वस्तात पडेल. तुम्ही इच्छापत्र मात्र आजच करा, धडधाकट असतानाच.