दाबाचे मोजे: मापापासून धुण्यापर्यंत

साहित्य: मोज्यांचा जोड, शिंप्याची टेप, भांडी घासायचे रबरी हातमोजे.

लातूरच्या गंजगोलाईत दिवसभर गल्ल्यापाशी उभा राहणारा दुकानदार असो की एसटीचा वाहक, संध्याकाळी पाय जड होतात, पोटरीवर निळ्या शिरा फुगतात. रक्त वर चढवणाऱ्या शिरांतल्या झडपा ढिल्या पडलेल्या असतात. दाबाचा मोजा घोट्याशी सर्वांत घट्ट आणि वर सैल होत जातो, त्यामुळे रक्त वर सरकतं. सूज, ठणका कमी होतो. फुगलेली शीर मात्र त्यानं बरी होत नाही.

आधी पावलावर, अंगठ्याच्या रेषेत वर, नाडी चाचपा. ती लागत नसेल, पाय गार पडत असतील, मधुमेह किंवा बिडी-तंबाखू असेल, तर मोजा घेऊच नका. लातूरच्या किंवा नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात सर्जरीच्या ओपीडीत दाखवा. रक्तच कमी पोचणाऱ्या पायावर हा दाब घातक ठरतो. एकच पाय अचानक सुजून दुखत असेल, तर गुठळीची शंका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

माप सकाळी, सूज चढण्याआधी घ्या. घोट्याच्या वर सर्वांत बारीक जागी, पोटरीच्या सर्वांत जाड जागी, मग टाचेपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत. हे आकडे पाकिटावरच्या तक्त्याशी जुळवा. काही मेडिकलवाले चपलेचा नंबर विचारून जोड काढून देतात. तो घेऊ नका. प्रवासाला, हलक्या सुजेला १५-२० मिमी पारा इतका दाब पुरतो. २०-३० चा डॉक्टरांनी सांगितला तरच.

घालायचा तो अंथरुणातच. पायाला तेल नको, ओल नको. आत हात घालून टाच चिमटीत धरा, मोजा टाचेपर्यंत उलटा करा, चवडा सरकवा, टाच टाचेवर नीट बसवा. मग हातमोजे घालून तळव्यांनी थोडा थोडा वर चढवा. काठ धरून ओढलात की वीण फाटते. सुरकुती राहू देऊ नका. वरचा काठ दुमडूही नका, तिथं दोरी बांधल्यासारखा फास बसतो.

बोटं काळीनिळी, बधिर झाली तर लगेच काढा. एरवी झोपताना काढायचा. नांदेड-पुणे रात्रभर ट्रॅव्हल्सच्या सीटवर बसून जाणार असाल तर मात्र राहू द्या.

गार पाण्यात साबणानं हातानं धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. आपल्याकडचं वैशाखातलं ऊन रबराचा जीव घेतं. रोज वापरात असेल तर सहा महिन्यांनी नवा जोड, आणि तेव्हा माप पुन्हा.