जोडण्या संपतात तेव्हा

वेचणीच्या सुरुवातीची सीतादही पूजा होऊन कापूस घरात यायला लागला की वर्धा जिल्ह्यात सर्व्हर सांभाळणाऱ्यांचाही हंगाम सुरू होतो. भाव, टोकन, नोंदणी, सगळं आता मोबाइलवर आलंय. २०२५-२६ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलमागे ८,११० रुपये होता, आणि सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करावी लागत होती. मी सांगतोय ती गोष्ट मात्र हिंगणघाटकडच्या एका खासगी खरेदीदाराच्या छोट्या साइटची. साइट छोटी असली तरी विक्रीच्या पाळीचं टोकन हुकलं की भाड्याची गाडी शेतकऱ्याच्याच गळ्यात पडते.

सकाळी नोंदणी उघडली की काही मिनिटांत पानावर ‘टू मेनी कनेक्शन्स’, त्रुटी क्रमांक १०४०. आणि फोनवर एकच तक्रार, “भाऊ, टोकन निघूनच नाही राहिलं.”

साइटचा डेटाबेस मायएसक्यूएल. ते मूळ सेटिंगनुसार एका वेळी १५१ जोडण्या देतं. त्यावरची एक जागा प्रशासकासाठी राखीव असते. साइटच रूट खात्याने चालवली असेल तर तीही जागा साइट घेऊन बसते आणि ऐन गर्दीत तुम्हालाच आत शिरता येत नाही. साइटला कायम वेगळं, मोजक्या अधिकारांचं खातं द्या. इथे ते दिलेलं होतं, म्हणून आत जाऊन पाहता आलं.

मालकाचा आग्रह होता की मर्यादा ५०० करून टाका. दुसरा सल्ला होता, रीस्टार्ट मारा. रीस्टार्टने थोडा वेळ साइट सुरू होते खरी, पण पुरावा पुसला जातो आणि गर्दी परत येतेच. मर्यादा वाढवली तर प्रत्येक जोडणी आपली मेमरी मागते. चार जीबीच्या मशीनवर मेमरी संपली की लिनक्स स्वतःच डेटाबेस मारून टाकतो. मग चालू असलेली टोकनंही अर्ध्यावर तुटतात. काट्यावर एक गाडी अडली असेल तर आवाराची कितीही फाटकं उघडा, रांग हलत नाही. ती अडलेली गाडी आधी शोधायची.

त्यासाठी ‘शो फुल प्रोसेसलिस्ट’. रीस्टार्टच्या आधी याची नक्कल ठेवाच. आमच्या यादीत बहुतेक जोडण्या एकाच ओळीच्या अपडेटवर थांबलेल्या होत्या. ती ओळ म्हणजे त्या दिवसाच्या शिल्लक टोकनांचा आकडा. ज्या जोडणीने ती ओळ अडवली होती, तिची अवस्था होती ‘स्लीप’. वरवर निवांत दिसणारी, म्हणून सहज नजरेतून सुटणारी. ‘इनोडीबी ट्रॅन्झॅक्शन’ची यादी काढली तेव्हा कळलं की तिचा व्यवहार उघडाच आहे. पीएचपीचा कोड आकडा कमी करायचा, मग एसएमएस पाठवायचा, आणि एसएमएस सेवेचं उत्तर आल्यावरच कमिट करायचा. गर्दीच्या वेळी ती सेवा सुस्त झाली की ओळीचं कुलूप तिच्या उत्तरापर्यंत बंद. मागचा प्रत्येकजण आपापली जोडणी धरून वाट पाहत राहायचा. मूळ सेटिंगमध्ये ही वाट ५० सेकंदांपर्यंत चालते. १५१ जागा भरायला मग कितीसा वेळ लागणार?

उपाय इतकाच होता: आधी कमिट, मग एसएमएस, तोही वेगळ्या रांगेतून. मर्यादेला हात लावावा लागला नाही.

तुमच्याकडे कारण वेगळं असू शकेल. थांबलेल्या जोडण्या एखाद्या मोठ्या टेबलावर शोध घेत असतील तर ‘एक्सप्लेन’ लावून इंडेक्स वापरला जातोय का ते बघा. तारखेच्या रकान्यावर फंक्शन गुंडाळलं की साधा इंडेक्स असूनही उपयोगी पडत नाही. नुसत्याच ‘स्लीप’ जोडण्यांचा ढीग दिसला आणि उघडा व्यवहार कुठेच नसला, तर पर्सिस्टंट जोडण्या आणि ‘वेट टाइमआउट’ तपासा. तो मुळात २८,८०० सेकंद म्हणजे आठ तास असतो. पीएचपी-एफपीएमच्या ‘मॅक्स चिल्ड्रन’ची बेरीज, सगळे सर्व्हर धरून, डेटाबेसच्या मर्यादेखालीच राहू द्या, ज्यादा लोक वेब सर्व्हरच्या दारात थांबलेले परवडतात. पोस्टग्रेस असेल तर मूळ मर्यादा १०० आणि प्रत्येक जोडणीमागे स्वतंत्र प्रोसेस, तेव्हा मध्ये थोड्या जोडण्या सगळ्यांत वाटून देणारा पीजीबाउन्सर बसवणं बरं.

आणि हे सगळं दसऱ्याच्या आधी करा. गर्दीची चाचणी घेताना एसएमएसच्या जागी मुद्दाम दहा सेकंद उशिरा उत्तर देणारी नकली सेवा जोडा, आणि तेव्हा ‘थ्रेड्स कनेक्टेड’चा आकडा कुठवर चढतो ते पाहा.